५,००० लिटरच्या गोल हौदाची त्रिज्या किती धरावी?

प्रश्न
परसबागेसाठी ५,००० लिटर पाणी मावेल असा, वरून उघडा गोल हौद विटांमध्ये बांधून घ्यायचा आहे. आमच्याकडे नळाचे पाणी १.५ मीटरच्या वर चढत नाही, त्यामुळे उंची तेवढीच ठेवावी लागेल. वृत्तचितीचे घनफळ म्हणजे पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची, म्हणून मी ५ घनमीटरला ३.१४ व १.५ यांच्या गुणाकाराने भागले आणि १.०६ मीटर त्रिज्या काढली. परंतु ताळा केला तर घनफळ सुमारे ५.३ घनमीटर भरते. हे ३०० लिटर कोठून आले?

प्रतिसाद १
आपण काढलेले १.०६ ही त्रिज्या नसून त्रिज्येचा वर्ग आहे. त्याचे वर्गमूळ १.०३, आणि तीच खरी त्रिज्या. एखाद्या संख्येचे वर्गमूळ १ च्या आसपास असले की ती संख्या व तिचे मूळ जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून ही चूक मीटरमध्ये लपून राहिली. हेच गणित फुटांत केले असते, तर भागाकार ११.४ आला असता आणि साडेअकरा फूट त्रिज्येचा हौद परसात कोणीच आखला नसता. वर्गमूळ मात्र ३.३८ फूट, म्हणजे पुन्हा १.०३ मीटरच येते. आपण ताळा केलात हे उत्तम. पुष्कळ जण तेवढेही करीत नाहीत.

प्रतिसाद २
वर्गमूळ बरोबर आहे, पण सूत्रात उंची भिंतीची घालायची नसते, पाण्याची घालायची असते. ओव्हरफ्लोचा पाइप काठाच्या १५ सेंटिमीटर खाली बसवला, तर पाणी १.३५ मीटरच उभे राहील. मग ५ ला ३.१४ × १.३५ ने भागून वर्गमूळ घेतल्यास त्रिज्या १.०९ मीटर येते.

प्रतिसाद ३
उंचीचे बंधन नसते, तर उघड्या हौदाला पाण्याची उंची त्रिज्येइतकी ठेवल्यास आतला गिलावा सर्वांत कमी लागतो. तेव्हा ५ ला पायने भागून घनमूळ घ्यावे. दोन्ही मापे १.१७ मीटर येतात. तळ धरून गिलावा १२.८५ चौरस मीटर होतो आणि १.३५ मीटर पाण्याच्या हौदाला तो १२.९१ होतो. एवढ्याशा फरकासाठी परसातील जागा अडवू नये, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आतली त्रिज्या १.०९ मीटर पक्की केली आहे. भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटरची असल्याने बाहेरच्या रेषेसाठी खुंटीला १.३२ मीटरची दोरी बांधून गवंड्यांनी आज फक्कीने वर्तुळ आखले.