घरून प्रेसच्या सर्व्हरवर मोठ्या फाइली कशा पाठवू?

मांडणीवाली:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यातून दिवाळी अंकांची मांडणी करते. पुण्याच्या प्रेसने एफटीपीचा (नेटवरून सर्व्हरवर फाइली पाठवायची जुनी पद्धत) आयडी-पासवर्ड दिलाय. पीडीएफ दीड-दोन जीबीची असते. मध्येच लाइट गेली की राउटर बंद आणि अपलोड पहिल्यापासून! त्यात भाचा म्हणतो, एफटीपी वापरूच नकोस. ड्राइव्हची लिंक प्रेसला चालत नाही. लॅपटॉप विंडोज ११. फुकट आणि सोपं काही आहे का?

टर्मिनलवेडा:
भाच्याचं ऐका. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरचे पासवर्ड असेच कुणीतरी टिपले, म्हणून तर तिथल्या तातू युल्योनेनने १९९५मध्ये एसएसएच लिहिलं, म्हणजे सगळं कुलूपबंद करून पाठवणारी जोडणी. प्रेसला विचारा, एसएफटीपी (फाइली पाठवायची सुरक्षित पद्धत) चालू आहे का आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, कोणता (बहुधा २२). ते एसएसएचच्या आतूनच चालतं.

सॉफ्टवेअर विनएससीपी घ्या. डावीकडे तुमचा लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर, फाइल ओढून टाकायची. मोठी फाइल जाताना तिच्या नावाला 'फाइलपार्ट' असं शेपूट दिसेल, ते पुसू नका. लाइन तुटली तर परत जोडून तीच फाइल पाठवा. पुढे चालू ठेवू का असं विचारेल, हो म्हणा. उरलेला भागच जाईल.

चहाबाज:
फाइलझिला का नको? मी कायम तेच वापरतो.

टर्मिनलवेडा:
चालेल की. फक्त मास्टर पासवर्ड लावा, नाहीतर साठवलेले पासवर्ड कुणालाही सहज काढता येतात. आणि साइट मॅनेजरमध्ये प्रोटोकॉल एसएफटीपी निवडा. बरेच जण तिथे एफटीपीच राहू देतात.

जुनी_खोड:
विंडोजमध्ये २०१८पासून ओपनएसएसएच (एसएसएचचंच फुकट रूप) आयतं मिळतं, काही उतरवायलाच नको. पण काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची तयारी हवी. ताईंना विनएससीपीच बरं.

दोन गोष्टी मात्र पाळा. डाउनलोड अधिकृत साइटवरूनच. सर्चमध्ये वर झळकणाऱ्या जाहिरातींतून विनएससीपी आणि पुट्टी (एसएसएचने जोडायचं सॉफ्टवेअर) यांच्या व्हायरसवाल्या नकला पसरवल्या गेल्यात. दुसरं, पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचं फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ) दाखवून विचारतं, तिथे डोळे झाकून 'येस' दाबू नका. फोनवरून प्रेसशी ताडून घ्या. पुढे कधी ते बदलल्याची सूचना आली तर काम थांबवून आधी फोन.

मांडणीवाली:
खूप आभार! प्रेसला फोन केला. एसएफटीपी आहे, पोर्ट मात्र वेगळाच. फिंगरप्रिंट विचारल्यावर ऑपरेटर म्हणाला, "ताई, आमच्याकडे अंगठा नाही लावावा लागत."

जुनी_खोड:
😂 त्याला सोडा, सर्व्हर बघणाऱ्या माणसाचा नंबर घ्या. 'होस्ट की फिंगरप्रिंट, एसएचए २५६ वालं' असं मागा. तो मिनिटात काढून देईल. त्याच्याशी बोलताय तर पासवर्डऐवजी की (पब्लिक आणि प्रायव्हेट अशी किल्ल्यांची जोडी) लावून देतो का तेही विचारा. विनएससीपीसोबत की बनवणारं पुट्टीजेन येतं, त्यात ईडी२५५१९ प्रकारची की बनवा. पब्लिक की त्याला पाठवायची, प्रायव्हेट तुमच्याच लॅपटॉपवर, पासफ्रेज (त्या कीचा पासवर्ड) लावून. ती व्हॉट्सॲपवर भाच्यालाही नाही.