रविवारचा सिनेमा : डायव्हिंग बेल खाली जाते तेव्हा

सचिव: नमस्कार. रविवारी संध्याकाळी सभागृहात मुलांसाठी सिनेमा आहे. अ-३०२च्या काकांनी १९७८चा ‘वॉरलॉर्ड्स ऑफ अटलांटिस’ सुचवलाय. समुद्राखालच्या हरवलेल्या नगरीची गोष्ट आहे. कुणाची हरकत असेल तर आजच सांगा, आयत्या वेळी नको.

ब-४०१ ताई: माझी हरकत आहे. काल रात्री पुढे ढकलत ढकलत दहा मिनिटं पाहिला. तो ऑक्टोपस चक्क रबराचा दिसतो. आमच्या मुलांनी संगणकावर बनवलेले समुद्र पाहिलेत, पाण्याचा थेंबन् थेंब खरा वाटतो त्यात. ती पहिल्या पाच मिनिटांत हसतील आणि उठून जातील. चांगला आहे म्हणून दाखवतोय, की आपल्या लहानपणचा आहे म्हणून?

क-२०४ दादा: ताईंशी सहमत. कमी पैशांत उरकलेलं काम आहे ते.

अ-३०२ काका: ताई, ऑक्टोपस रबराचा दिसतो हे खरं आहे, त्यावर वाद नाही. पण पुढे ढकलत पाहिलात आणि सिनेमाचा जीव जिथे आहे तोच भाग सुटला. मी या जातीचे सिनेमे चाळीस वर्षं पाहतोय. हरवलेलं बेट, बुडालेलं राज्य, तळाशी घुमटाखाली राहणारी माणसं, जे मिळेल ते. माझं मत पक्कं झालंय : या सिनेमांत नगरी बघायची नसते, नगरीकडे *उतरणं* बघायचं असतं. उतरायला पैसे लागत नाहीत. एक अंधारी लोखंडी खोली, आत दोन माणसं, एक कंदील, वर गेलेली साखळी आणि लोखंड कुरकुरल्याचा आवाज, एवढ्यात काम होतं. पाणी दाखवावंच लागत नाही, त्याचा धाक दाखवला की पुरतं. गरीब निर्मात्यालाही हे परवडतं, म्हणून हा भाग तो मन लावून करतो.

या सिनेमात दोघं संशोधक डायव्हिंग बेलमधून, म्हणजे साखळीला टांगलेल्या मोठ्या लोखंडी घंटेतून खाली जातात. बेलचा तळ उघडा असतो. पायाखाली काळं पाणी, त्याला झाकण नाही. आणि तिथूनच एका प्रचंड प्राण्याचं डोकं आत येतं! डोकं रबरी आहे, पण पाहणाऱ्याचा जीव त्या उघड्या तळाकडे आधीपासून लागलेला असतो. भीती त्या प्राण्याची नसतीच, तळ उघडा असल्याची असते.

अ-१०३ वहिनी: तळ उघडा असेल तर पाणी आत शिरणार नाही का? इथेच गोष्ट खोटी पडली की.

क-१०४ आजोबा: वहिनी, शिरणार नाही. हे सिनेमावाल्यांनी खरं दाखवलंय. काचेचा पेला उपडा धरून सरळ बादलीत दाबा. आत हवा अडकते, तिला जायला वाट नसते, म्हणून पाणी वर चढत नाही. पेल्याच्या बुडाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, तो कोरडा राहील. माणसं काही शतकं अशा घंटांतून समुद्रात उतरतायत.

पण एक बाब महत्त्वाची. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा वाढतो. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट, म्हणजे आतली हवा दबून निम्मी होते आणि पाणी अर्ध्या घंटेपर्यंत येतं. म्हणून वरून सतत हवा पंप करावी लागते. सिनेमा बघताना मुलांना हे विचारा.

ब-१०१ (धाकटी): आजोबा, मी आत्ता करून पाहिलं!! बोळा भिजला 😢

क-१०४ आजोबा: पेला तिरका झाला असणार बाळा. बुडबुडे आले का?

ब-१०१ (धाकटी): हो, एक मोठ्ठा आला

क-१०४ आजोबा: तीच तुझी हवा. परत कर. काठ चारी बाजूंनी एकदम पाण्याला लागला पाहिजे. बाहेर काढतानाही सरळ.

ब-१०१ (धाकटी): कोरडाआआआ 🥳 बोळा कोरडा!!

अ-३०२ काका: शाब्बास! आता तो प्रसंग तुला आमच्यापेक्षा जास्त कळणार.

क-१०४ आजोबा: काका, उतरण्याबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी पटलं. खऱ्या इतिहासातही तसंच आहे. १९३४ साली विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ ९२३ मीटर खाली गेले. गोळ्याचा आतला व्यास दीड मीटरही नव्हता, दोघं अंग आखडून बसलेले. काचेतून दिसेल ते बीबी टेलिफोनवर सांगायचे आणि वर जहाजावर ते लिहून घेतलं जायचं. १९६०मध्ये ‘त्रिएस्त’ या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानातून पिकार आणि वॉल्श जवळपास १०,९०० मीटरवर, समुद्राच्या सर्वांत खोल जागी पोचले. उतरायलाच पावणेपाच तास लागले. वाटेत बाहेरच्या एका खिडकीला तडा गेला, मोठा आवाज झाला, तरी दोघं खाली जात राहिले. तळाशी ना नगरी होती ना राणी, तरी ते वर्णन वाचताना अजून माझे हात गार पडतात.

ब-४०१ ताई: आजोबा, हे मला माहीत नव्हतं. खरंच काटा आला. पण काका, तरी विचारते. उतरून झाल्यावर काय? मुलं एका प्रसंगासाठी दीड तास बसतील का? मी जी नगरी पाहिली ती फारच कोरडी वाटली. समुद्राखाली आहे असं वाटतच नाही.

अ-३०२ काका: ताई, दुखरी जागा बरोबर पकडलीत. नगरी लागली की यांतले बहुतेक सिनेमे ढेपाळतात. नगरी म्हणजे सेट, शेकडो माणसं, कपडे, आणि पैसा तिथेच संपतो. या सिनेमाचं बाहेरचं चित्रीकरण माल्टात झालं, त्यामुळे समुद्राच्या तळाला तिथलं ऊन आणि तिथले दगड दिसतात. जॉर्ज पाल हा केवढा कसबी माणूस, पण १९६१च्या त्याच्या अटलांटिसच्या सिनेमात गर्दीची दृश्यं त्याच स्टुडिओच्या जुन्या रोमन भव्यपटातून उचललीत. १९६५चा ‘सिटी अंडर द सी’ तर मला फार जवळचा. भयपटांचा नट व्हिन्सेंट प्राइस आहे आणि दिग्दर्शक जाक तुर्नरचा तो शेवटचा चित्रपट. पहिला अर्धा भाग काय जमलाय! किनाऱ्यावरचं घर, रात्र, भिंतीआडची वाट, खाली खाली जाणारा रस्ता. आणि शेवटी पाण्याखालचा पाठलाग लांबतच जातो. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं, कोण कुणाला मारतंय कळत नाही. तो भाग मला आवडत नाही आणि मी त्याची बाजूही घेणार नाही.

पण ‘कमी पैशांत उरकलेलं’ हे दादांचं वाक्य मला लागलं. कमी पैशांत *केलेलं* आहे, उरकलेलं नाही. पाण्याखालचं दृश्य पाण्याशिवाय कसं उभं करतात सांगू का?

क-२०४ दादा: सांगा ना काका. मी सहज बोलून गेलो होतो.

अ-३०२ काका: याला ड्राय फॉर वेट म्हणतात. स्टुडिओत धूर भरतात, म्हणजे लांबचं धूसर दिसतं, गढूळ पाण्यात दिसतं तसं. वर उथळ ट्रेमध्ये पाणी ठेवून त्यातून दिवा सोडतात. पाणी हललं की जमिनीवर उजेडाच्या जाळ्या हलतात. कॅमेरा जास्त वेगाने चालवतात, म्हणजे पडद्यावर माणूस पाण्यातल्यासारखा संथ चालतो. बुडबुडे नंतर वेगळे चित्रित करून वर चढवतात. ओळखायचं कसं? केस बघायचे. खऱ्या पाण्यात केस तरंगतात, धुरात ते खांद्यावर पडलेले असतात. म्हणून या सिनेमांत इतक्या जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं!

आणि ही युक्ती सिनेमाच्या जन्माइतकी जुनी आहे. सुरुवातीच्या काळातला फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसने १८९८मध्ये कॅमेरा आणि रंगवलेला पडदा यांच्यामध्ये जिवंत माशांची काचपेटी ठेवली आणि कोरड्या स्टुडिओत समुद्राचा तळ तयार झाला.

ब-१०१ (धाकटी): आमच्याकडे काचपेटी आहे!! मासे पण आहेत

अ-३०२ काका: मग काचपेटीच्या मागे तुझं खेळण्यातलं घर ठेव आणि पुढून मोबाइल धर. मागचा दिवा मंद ठेव.

क-२०४ दादा: छोटी बोट मोठं जहाज वाटावी यासाठी पण काही हिशेब असतो ना? मोबाइलमधला स्लो मोशन त्यासाठीच वापरतात असं ऐकलंय.

क-१०४ आजोबा: असतो, आणि सुंदर आहे. एक फुटावरून वस्तू सोडली तर पाव सेकंदात पडते. १६ फुटांवरून सोडली तर एक सेकंद लागतो. उंची १६ पट, वेळ मात्र ४ पट. म्हणून जहाजाचा नमुना खऱ्याच्या एक षोडशांश असेल तर चित्रण ४ पट वेगाने करायचं, सेकंदाला २४ऐवजी ९६ चौकटी (फ्रेम). मग लाट जड दिसते. मोबाइलवर १२०ने चित्रण करून ३०ने दाखवलं की तेच झालं. पण पाण्याचा थेंब काही लहान होत नाही. नमुन्यावर उडालेला थेंब पडद्यावर चेंडूएवढा दिसतो आणि तिथे बिंग फुटतं. म्हणून हे लोक नमुने होतील तेवढे मोठे करायचे.

अ-३०२ काका: अगदी! रिपब्लिक कंपनीच्या जुन्या मालिकांचे लायडेकर बंधू मोठे नमुने करून उघड्यावर, खऱ्या उन्हात चित्रण करायचे. त्याच कंपनीची १९३६ची ‘अंडरसी किंगडम’ १२ भागांची आहे. समुद्राच्या तळाशी घुमटाखाली घोडेस्वार आणि यंत्रमानव यांची लढाई. घोडे उन्हात धावतात, कारण चित्रीकरण उघड्यावरच झालेलं. प्रत्यक्षात २०० मीटरखाली उजेड नावापुरता आणि १००० मीटरखाली मुळीच नाही.

अ-१०३ वहिनी: मध्येच विचारते. “अटलांटिस सापडलं” असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. खरं आहे का?

क-१०४ आजोबा: नाही. ती प्लेटोने आपल्या संवादांत सांगितलेली गोष्ट आहे, एका दिवस-रात्रीत बुडालेल्या गर्विष्ठ राज्याची. १८८२मध्ये इग्नेशियस डॉनली यांच्या पुस्तकाने ती खरी असल्याची हवा केली आणि ती अजून ओसरलेली नाही. मेसेज पुढे पाठवू नका.

सचिव: मंडळी, मतदान घ्यायचं का? क-२०४ने १९६३चा जपानी ‘ॲट्रागॉन’ही सुचवलाय.

अ-३०२ काका: तो पुढच्या महिन्यात नक्की घेऊ. होंडांचं दिग्दर्शन, त्सुबुरायांचे नमुने, आणि पाणबुडी चक्क उडते. पण त्यात खाली उतरण्याला तेवढा वेळ दिलेला नाही, म्हणून पहिला मान याला.

ब-४०१ ताई: मी हरकत मागे घेते. एक अट आहे. सिनेमाआधी दहा मिनिटं मुलांसमोर पेल्याचा प्रयोग आणि काचपेटी दाखवायची. सगळं माहीत असताना ती काय बघतात ते मला बघायचंय. माझा मोठा आत्ताच विचारत होता, ऑक्टोपसला पाय आठच आहेत ना?

अ-३०२ काका: त्याला मोजायला सांगा! १९५५च्या एका सिनेमात खास दृश्यं करणाऱ्या रे हॅरीहाउसेनने प्रचंड ऑक्टोपसला सहाच पाय केले, कारण एकेक चौकट थांबून प्रत्येक पाय हलवायचा म्हणजे वेळ आणि पैसा. जनावराचा बराच भाग पाण्यात असतो, त्यामुळे सहज लक्षात येत नाही.

सचिव: ठरलं. रविवार, साडेसहा. प्रयोग ब-१०१ची धाकटी आणि आजोबा करतील. काचपेटी उचलायला दोघं मोठे लागतील.

क-२०४ दादा: मी येतो. मासे आधी बादलीत काढू.

अ-३०२ काका: सचिव, एक विनंती. बेल पाण्यात जायला लागली की सभागृहातले सगळे दिवे बंद हवेत, दारावरचा छोटा दिवासुद्धा. दाराखालच्या फटीतून जिन्याचा उजेड येतो, तिथे मी जाड चादर लावतो. आणि त्या प्रसंगात आवाज जरा वाढवा, लोखंडाची कुरकुर शेवटच्या रांगेपर्यंत पोचली पाहिजे.