खरा चोर म्हणजे वारा

इलेक्ट्रिक गाडीच्या छतावर अ‍ॅल्युमिनियमचं हलकं कॅरियर लावलं की रेंजला, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते त्या अंतराला, फरक पडत नाही, असं कोणीतरी लिहिलंय. वजनाचं ठीक आहे हो, पण वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. आर्वी-पुलगाव रस्त्यावर चाळीस-पन्नासनं मला काहीच जाणवलं नाही. समृद्धीवर शंभरनं निघालो, तर रिकामंच कॅरियर शिट्टी वाजवायला लागलं आणि नागपूरपर्यंत नेहमीपेक्षा ९ टक्के चार्ज जास्त गेला! आता काम झालं की आडवे बार उतरवून गोठ्यात ठेवतो. म्हणून चावीनं पटकन निघणारंच घ्या. नटबोल्टवालं स्वस्त पडतं, पण मग ते काढतो कोण?

आणि घेण्याआधी छतावरच्या रेल दाबून पाहा. माझ्या गाडीच्या रेल नुसत्या अंगठ्यानं दबायच्या, निव्वळ शोभेच्या. शेवटी दाराच्या चौकटीला क्लॅम्प लागणारं आणावं लागलं. मॅन्युअलमध्ये छतावर किती किलो चालतं तेही बघा, त्यात कॅरियरचं स्वतःचं वजन धरून. ठिबकच्या नळीची बंडलं तर मी आताशा मागची सीट पाडून आतच कोंबतो.