मदत हवी आहे: गांजा तपासणाऱ्या लॅबमधली नोकरी धरली तर नागरिकत्व अडकेल का?

नमस्कार मंडळी,

लॅबला शुक्रवारपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे आणि दोन रात्री झोप नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी केमिस्ट. न्यू जर्सीत पाणी आणि माती तपासणाऱ्या एका लॅबमध्ये आठ वर्षं काम केलं. जानेवारीत तिथे माणसं कमी केली, त्यात मीही गेले. आता गांजाचे नमुने तपासणाऱ्या लॅबकडून ऑफर आली आहे. लॅबला राज्याचा रीतसर परवाना आहे, पगारही आधीपेक्षा बरा. अडचण माझ्या ग्रीन कार्डाची. त्याला ऑक्टोबरमध्ये पाच वर्षं होतात, म्हणजे नव्वद दिवस आधी, जुलैत, एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरता येईल. आई एकाहत्तर वर्षांची, भारतात एकटी आहे. तिला कायमचं इकडे आणायचं तर मी आधी नागरिक व्हायला हवं. आईवडिलांसाठी ग्रीन कार्डधारकाला अर्ज करता येत नाही.

मागच्या आठवड्यात लॅब बघून आले. खरं सांगते, काम मनापासून आवडलं. ज्या प्रकारच्या यंत्रावर मी नळाच्या पाण्यातलं शिसं मोजत होते, तसंच यंत्र इथेही आहे. गांजाचं झाड मातीतलं शिसं-कॅडमियम ओढून घेतं, त्यामुळे ते मोजावंच लागतं. शिवाय कीटकनाशकं आणि बुरशी. फुलं दळायच्या यंत्राच्या झाकणाला हिरवट, चिकट राळ बसते. तिथली मुलगी प्रत्येक नमुन्यानंतर ती अल्कोहोलने पुसत होती, कडेच्या खाचेतसुद्धा, आधीच्या नमुन्याचा कण पुढच्यात जाऊ नये म्हणून. प्रत्येक झाडाला टॅग असतो, रोपापासून दुकानापर्यंत सगळी नोंद राज्याच्या प्रणालीत जाते, आणि नमुना नापास झाला तर तो माल विक्रीला जात नाही.

हे का हवं ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय होता तो गांजाच्या, बहुतेक चोरट्या बाजारातल्या, व्हेपमध्ये बसवायच्या काडतुसांमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. गांजा कायदेशीर असावा की नसावा यावर घरातही वाद होतात. पण लोक तो घेणारच असतील तर कुणीतरी तपासलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं.

आता मूळ प्रश्न. न्यू जर्सीत २०२० च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदानाने कौल दिला, २०२१ च्या फेब्रुवारीत कायदा झाला, २०२२ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानात माल मिळतो. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात मात्र यातलं काहीच बसत नाही. कॅलिफोर्नियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगून टाकलं की राज्याने परवानगी दिली तरी फेडरल बंदी लागू राहते. आणि नागरिकत्व देणारं खातं फेडरल. त्यांनी १९ एप्रिल २०१९ ला लेखी धोरणच काढलं: राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित काम सद्वर्तनाच्या अटीच्या आड येऊ शकतं. त्याच महिन्यात डेन्व्हरचे तेव्हाचे महापौर मायकेल हॅन्कॉक यांनी ॲटर्नी जनरलना पत्र लिहिलं होतं, कारण परवाना असलेल्या गांजा उद्योगात नोकरी केली म्हणून तिथल्या दोघा ग्रीन कार्डधारकांचं नागरिकत्व अडलं होतं. त्यांनी टॅक्स भरला होता, काही लपवलं नव्हतं.

ते दोघे प्रत्यक्ष उद्योगात होते. मी माल पिकवणार नाही, विकणार नाही, फक्त तपासणार. हा फरक मुलाखत घेणारा अधिकारी मानतो का? लॅबमध्ये काम करून कुणी नागरिकत्वाच्या शपथेपर्यंत पोचलं आहे का? अर्जात पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात आणि मी खोटं लिहिणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नका. दुसरं, लॅबमध्ये हेम्पचंही (गांजाचीच, पण नशा न आणणारी जात) टेबल आहे. २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) असलेलं हेम्प फेडरल बंदीतून काढलं. मला फक्त तिथेच ठेवा, असं नेमणूकपत्रात लिहून घेतलं तर काही उपयोग होईल का? आणि नोकरी धरली तर दिवाळीत आईकडे जाऊन येणं कितपत सुरक्षित? परतताना विमानतळावर कामाबद्दल विचारलं तर खरंच सांगावं लागेल, आणि त्यावरून ग्रीन कार्डच धोक्यात येईल, ही भीती नागरिकत्वापेक्षा मोठी आहे.

इमिग्रेशन आणि गांजा दोन्ही नीट कळणारा वकील माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. पहिल्या वकिलाने पाच मिनिटांत "काही होत नाही, घ्या नोकरी" म्हणून फोन ठेवला. २०१९ च्या धोरणाचं नावही त्याच्या तोंडून आलं नाही, म्हणून त्याच्यावर विसंबायची हिंमत होत नाही.

भर (रात्री): "फेडरल सरकार आता कुणाला पकडत नाही" असं तिघांनी लिहिलंत. मनापासून आभार, पण खटला न भरणं वेगळं आणि नागरिकत्व देणं वेगळं. डेन्व्हरच्या त्या दोघांनाही कुणी पकडलं नव्हतं.

भर (बुधवार): एका ताईंनी सुचवलेल्या वकीलबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, सही करू नका, आधी कामाचं वर्णन लेखी मागवा आणि त्यात हेम्प किती, गांजा किती हे स्पष्ट करून घ्या. शुक्रवारची मुदत आठवडाभर वाढवून द्याल का, असं लॅबला आज विचारलं आहे. लॅबमध्ये काम केलेलं कुणी असेल तर अजूनही लिहा, मी रोज बघते आहे.