चाळीस कवींचा एक संग्रह: चाळीसही जणांनी आपलं पुस्तक म्हणून मिरवायचं का?

तापीकाठ (धागाकर्ता)

आमच्या वाचनालयातर्फे तालुक्यातल्या एका ज्येष्ठ कवींची पंचाहत्तरी साजरी होते आहे. निवृत्त मास्तर, माणूस सोन्यासारखा. गौरवपुस्तिकेत त्यांची ग्रंथसूची छापायची ठरली आणि भांडण तिथेच लागलं. 'प्रकाशित पुस्तके' या मथळ्याखाली त्यांनी भलीमोठी यादी दिली आहे. त्यातले तीन कवितासंग्रह आणि एक कथासंग्रह त्यांचे स्वतःचे. बाकी प्रातिनिधिक संग्रहांतल्या एकेक-दोनदोन कविता, दुसऱ्यांच्या गौरवग्रंथांतले लेख, हिंदीतून केलेला एक अनुवाद आणि एका मित्रासोबत काढलेला अहिराणी म्हणींचा संग्रह.

माझं मत: पुस्तकं चार. एका संग्रहात चाळीस कवी असतील आणि चाळीसही जणांनी तो आपल्या नावावर धरला, तर एका पुस्तकाची चाळीस होतात. साहित्य अकादमीसुद्धा मुख्य पुरस्काराला अनुवाद, संकलन, संपादित ग्रंथ धरत नाही. मंडळातले निम्मे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं. पण भाषणं संध्याकाळी विसरली जातात, छापलेली यादी राहते आणि उद्या कुणी अभ्यास करायला बसला तर तो तीच खरी धरतो.

भरीतपुरी

+१. चार म्हणजे चार.

आसोदेकर

तुमच्या नियमाने बालकवींची पुस्तकं किती? शून्य. धरणगावात जन्मलेला हा पोरगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजला, 'बालकवी' हे नाव त्याला तिथे मिळालं, आणि १९१८ साली भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेला. कवितांचं पुस्तक निघालं ते मागाहून, दुसऱ्यांनी काढलं. त्या काळी कवी म्हणजे मासिकातला कवी. खुद्द जळगावातून नानासाहेब फडणीस १८८७ पासून 'काव्यरत्नावली' काढत होते, नुसत्या कवितेला वाहिलेलं मासिक. केशवसुतही त्यात छापून आले. दहाजणांच्या शेजारी बसून छापून येणं तेव्हा कमीपणाचं नव्हतं.

बहिणाबाईंचं तर विचारूच नका. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी त्यांची, उतरवून घेतली त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी, प्रस्तावना अत्र्यांची, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. ते पुस्तक एकट्या बहिणाबाईंचं म्हणायला माझी हरकत नाही. पण इतके हात लागल्याशिवाय ते झालं नसतं, हेही लिहा की कुठेतरी.

तापीकाठ

आसोदेकर, थोरपणाचा हिशेब मी मांडलेलाच नाही. बालकवी शून्य पुस्तकांनिशी गेले आणि तरी बालकवीच राहिले, हे तर माझ्याच बाजूचं झालं! आकडा फुगवावा लागत नाही. आमच्या मास्तरांची 'पाऊस' ही कविता एका प्रातिनिधिक संग्रहात आहे, ती त्यांच्या तिन्ही संग्रहांतल्या कवितांपेक्षा चांगली आहे. खुशाल नोंदवू. फक्त 'कविता' म्हणून नोंदवू, 'पुस्तक' म्हणून नको.

निंबोणी

प्रातिनिधिक संग्रह कसे निघतात ते कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. राज्यस्तरीय संग्रह, दोन कविता, फोटो, दहा ओळींचा परिचय आणि सहभाग शुल्क. बदल्यात एक प्रत, सन्मानपत्र आणि प्रकाशन समारंभात शाल. जास्त प्रती हव्या तर विकत. मीही दिल्या होत्या कविता. पुस्तक आलं तर माझ्या कवितेचं शेवटचं कडवं गायब आणि परिचय दुसऱ्याच बाईंचा. संपादकांना फोन केला तर म्हणाले, ताई, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती कसली येते!

म्हणून माझा वाद तुमच्या दोघांशीही आहे. कवितेचं पुस्तक एकट्याचं की चाळिसांचं हे नंतर बघा. कुणी निवडून घेतली की पैसे भरून छापली, ते आधी बघा. निवडणाऱ्या संपादकाने घेतलेली एक कविता मी स्वखर्चाने काढलेल्या अख्ख्या संग्रहापेक्षा मोठी मानते. आणि तापीकाठ दादा, ते चार स्वतंत्र संग्रह कोणाच्या खर्चाने निघाले, हेही एकदा विचारून घ्या.

भरीतपुरी

ताई, हे वर्मी लागलं हो.

कळण्याची भाकर

अनुवाद तुम्ही एका ओळीत उडवून लावलात, ते मला पटलं नाही. संग्रहात माणसाची एक कविता असते, पण अनुवादात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक वाक्य त्याने घडवलेलं असतं. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, तिथल्या तमिळ कैद्यांच्या सहवासात त्यांनी 'कुरल' हे जुनं तमिळ नीतिकाव्य मराठीत आणलं. अमळनेरच्या गुरुजींच्या यादीतून ते काढून टाकणार का? नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. तिचा सुधाकर मराठ्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, 'ककून', आला १९९७ मध्ये. नेमाड्यांच्या यादीत ती अनुवादित आवृत्ती, मराठ्यांच्या यादीत मात्र पुस्तकच. आणि अकादमीचं नाव घेताय तर पुरतं घ्या. अनुवादाला ती १९८९ पासून वेगळा पुरस्कार देते. वेगळा रकाना म्हणजे हलका रकाना नव्हे.

धुळेकर

आमच्या धुळ्याचं उदाहरण राहिलंच. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' झालं. सांगा, कोणाचं पुस्तक?

तापीकाठ

विनोबांचं. गुरुजींनी कधी आपलं म्हटलं नाही आणि कुणी त्यांच्या नावावर चढवलंही नाही. मी दुसरं काय सांगतोय?

धुळेकर

पण ते गुरुजींनी लिहून घेतलं हे तुम्हाला मला माहीत आहे, कारण कुणीतरी तशी नोंद ठेवली. तुमच्या सूचीत शब्दांकनाला रकानाच नाही. तुम्ही तेव्हा यादी करायला असता तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती.

चाळीसगावचा सर

कॉलेजात हा घोळ रोजचा आहे. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशनाच्या स्वतंत्र पुस्तकाला १० गुण, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, पुस्तकाच्या अनुवादाला ८. लेखक दोन असतील तर दोघांनाही ७०-७० टक्के. म्हणजे म्हणींच्या त्या संग्रहाचे दोघांत मिळून १४० टक्के होतात, हा चमत्कार फक्त आमच्याकडेच! पण मजा सोडा. निदान प्रकरणाला शून्य द्यायचं धाडस यूजीसीनेही केलं नाही. आपल्या बोलींबद्दल जे काही लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं संपादित ग्रंथांतल्या पाच-दहा पानांच्या लेखांतच आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड उघडा. ते लेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांच्या नावावर तुमच्या व्याख्येतलं पुस्तक असेल?

वाघूर

म्हनी त्या गावन्या शेतस, मास्तरन्या नहीत. कोणत्या गावातल्या कोणत्या बाईने कुठली म्हण सांगितली, हे त्या संग्रहात दिलंय का? नसेल तर दोन्ही लेखकांना 'संकलक' म्हणा, 'लेखक' नको. एवढं बोलून मी बाजूला होतो.

तापीकाठ

संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन आलो. म्हणींचा संग्रह चाळला, गावांची नावं आहेत, बायांची नाहीत. वाघूर म्हणतात तसं 'संकलन, दोघे मिळून' असंच छापू. अनुवाद स्वतंत्र मथळ्याखाली, मूळ लेखकाच्या आणि मूळ भाषेच्या नावासकट. गौरवग्रंथांतले लेख शीर्षक, संपादक आणि पृष्ठक्रमांकासह. मास्तरांनी एका लेखाचं पान स्वतःच शोधून दिलं, तेव्हा खूश दिसले. धुळेकर, शब्दांकन त्यांनी कुणाचं केलेलं नाही, नाहीतर तोही रकाना पाडला असता. 'पुस्तके' या मथळ्याखाली मात्र चारच राहतील, त्यावरून मी हलणार नाही.

राहता राहिले ते शुल्क भरून निघालेले संग्रह. निंबोणीताईंचं ऐकलं तर ते गाळायला हवेत, आणि मलाही तसंच वाटतं. रविवारी मंडळाच्या बैठकीत मांडतो.

निंबोणी

'पाऊस' कुठल्या संग्रहातली ते आधी बघा. ती पैसे भरून छापलेली निघाली तर काय कराल?

आसोदेकर

शिवाय त्या चाळीस कवींतले दोघे तुमच्या मंडळावर आहेत. बैठकीला जरा लवकर जा.