मदत हवी आहे: आठवीच्या मुलांना हृदय कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. रक्ताभिसरण शिकवताना मुलं नेहमी एकाच ठिकाणी अडतात. धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं हे पाठ असतं, मग फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कसं? हृदयापासून दूर नेते ती धमनी, हे सांगून पटत नाही. आकृतीतल्या निळ्या रंगामुळे तर शरीरात खरंच निळं रक्त असतं असं त्यांना वाटतं!

म्हणून बोकडाचं हृदय आणून उघडून दाखवायचं ठरवलंय. मी घरी एक कापून पाहिलं. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड, आणि झडपांना धरून ठेवणारे पांढरे चिवट दोरे अगदी स्पष्ट दिसतात. उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलायचं, डावीला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. भिंतीला हात लावला की हे मुलांना आपोआप कळेल, अशी माझी खात्री आहे.

अडचण अशी: अवयव टिकवायचं रसायन, फॉर्मॅलिन, मला वर्गात अजिबात नकोय, त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक. शाळेत फ्रीज नाही. सकाळी आणलेलं हृदय दुपारच्या तासापर्यंत कसं ठेवावं? आणि काही मुलांच्या घरी मांस चालत नाही, त्यांना मी जबरदस्ती करणार नाही. त्यांच्यासाठी झडपा एकाच दिशेने उघडतात हे दाखवणारं, नळी-फुग्यांचं चालतं मॉडेल कुणी बनवलंय का? फोटो टाकलात तर फार उपकार होतील.