फेडरल खटला: लढावं की कबुली देऊन मोकळं व्हावं?

तर्कटी (न्यू जर्सी)
अमेरिकेत फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) कोर्टात आरोपपत्र दाखल झालेल्या माणसाने काय करावं, यावर आमच्या ओळखीच्या मंडळींत सध्या चांगलीच जुंपली आहे. निमित्त व्हिसाच्या कागदपत्रांच्या एका प्रकरणाचं. तपशील विचारू नयेत. माझं मत असं की वकिलाने सरकारी पक्षाकडून बरी ऑफर आणली तर मुकाट्याने गुन्हा कबूल करावा आणि शिक्षा जमेल तेवढी कमी करून घ्यावी. शेवटी सत्याचा विजय होतो वगैरे सिनेमात ठीक आहे.

२०२२ या आर्थिक वर्षात फेडरल कोर्टांत सुमारे ७२ हजार आरोपींच्या केसेस निकालात निघाल्या. शंभरातल्या जवळपास नव्वद जणांनी कबुली दिली. खटला चालवून निर्दोष सुटले २९०. बास.

गॅलियन हेज फंडाचं इनसायडर ट्रेडिंगचं, म्हणजे कंपन्यांच्या आतल्या खबरांवर शेअरचे सौदे करण्याचं प्रकरण आठवा. फंडाचा मालक राज राजरत्नम लढला, २०११ मध्ये ११ वर्षं लागली. त्याला आतल्या खबरा देणारा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा अनिल कुमार कबुली देऊन सरकारी साक्षीदार झाला, त्याला दोन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी नुसती देखरेख. मॅथ्यू मार्टोमा, प्रकरण वेगळं पण प्रकार तोच, सरकारशी हातमिळवणी न करता लढला. नऊ वर्षं.

सदाशिव_ऑस्टिन
साफ असहमत. २९०ला ७२ हजारांनी भागून लोकांना घाबरवू नका. जे खटल्याला उभेच राहिले नाहीत ते निर्दोष सुटणार कसे? प्रत्यक्ष खटला चालला तो साधारण १,६७० जणांवर. त्यातले २९० सुटले, म्हणजे सहात एक. शिवाय शंभरातल्या आठ जणांच्या केसेस खटल्याआधीच रद्द झाल्या, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

गॅलियनची गोष्टही अर्धीच सांगितलीत. राजरत्नमचा धाकटा भाऊ रेंगन त्याच सरकारी वकिलांच्या कचेरीशी लढला आणि जुलै २०१४ मध्ये ज्यूरीने त्याला सोडून दिलं. त्याच प्रकरणातल्या, मॅकिन्झीच्या माजी प्रमुख रजत गुप्तांनाही ज्यूरीने दोन आरोपांतून मोकळं केलं. उरलेल्यांत दोन वर्षं लागली.

आणि अनिल कुमारकडे विकायला माल होता: खुद्द राजरत्नम! तुमच्या ओळखीच्या गृहस्थांकडे कोणाविरुद्ध काय आहे? सरकारला द्यायला काहीच नसेल तर कबुली दिल्याने प्रोबेशनची खात्री कोण देणार?

तर्कटी
सहात एक सुटला म्हणजे पाच आत गेले की हो! आणि आत गेलेल्यांचं काय होतं ते बघा. फेडरल तुरुंगात पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी अटींवर सुटका, नाही; नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो बंदच केला. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला फार तर ५४ दिवस. वेळेवर कबुली दिली तर शिक्षेच्या गाइडलाइन्समध्ये दोन-तीन पायऱ्या खाली येता येतं. लढून हरलात की ती सूट बहुतेकदा गेलीच.

पाटीलकाका_कोल्हापूर
मला एक कळत नाही. माणसाने काही केलेलंच नसेल तर एवढं घाबरायचं कशाला? एफबीआयवाले दारात आले की आत बसवायचं, चहा द्यायचा, जे खरं आहे ते सांगून टाकायचं. वकील बोलावला की उलट संशय वाढतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

मीरा_शिकागो
काका, रागावू नका, पण याच सल्ल्याने आपली साधीसुधी माणसं अडकतात. मी इथे एका लॉ फर्ममध्ये केसची कागदपत्रं लावायचं काम करते (वकील नाही, हे आधीच सांगते). भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम २५. तिथे वाढलेल्या माणसाच्या मनात ते मुरलेलं असतं. इथे तसं काही नाही. एजंटाशी चहा पिता पिता बोललेलं वाक्यही पुराव्यात येतं. टीव्हीवर ऐकलेला तो मिरांडाचा इशारा (गप्प राहायचा आणि वकिलाचा हक्क आहे, हा) अटकेत ठेवून चौकशी करताना द्यावा लागतो, तुमच्या दिवाणखान्यात नाही. असं बोलणं बहुधा रेकॉर्डही होत नाही. एजंट टिपणं काढतो, मग अहवाल लिहितो आणि पुढे तुमचं म्हणणं काय होतं ते त्या अहवालावरून ठरतं.

वर शपथ घेतलेली नसली तरी फेडरल एजंटाशी महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतचा. टीव्हीवरची प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्ट्यूअर्ट हिच्यावरचा शेअर फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. २००४ मध्ये तिला पाच महिन्यांची कैद झाली ती तपासात खोटं बोलल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल. तेव्हा चहा द्या हवा तर, पण "माझ्या वकिलाशी बोला" एवढंच म्हणा.

कंपनीने दिलेल्या वकिलाचंही तेच. तो तुमच्याशी कितीही गोड बोलला तरी कंपनीचा वकील असतो. १९८१ च्या अपजॉन निकालापासून हे पक्कं आहे. तुम्ही त्याला सांगितलेलं गुप्त ठेवायचं की उद्या सरकारच्या हातात द्यायचं, हे कंपनी ठरवते. व्हिसाच्या प्रकरणांत मालक आणि कर्मचाऱ्याचं हित किती पटकन वेगळं होतं ते मी बघते आहे.

आता मूळ भांडण. तुम्ही दोघेही तुरुंगाचे महिने मोजताय. आरोपी अमेरिकन नागरिक नसेल तर हिशेबच वेगळा असतो. फसवणुकीत नुकसान दहा हजार डॉलरच्या वर दाखवलं गेलं की इमिग्रेशन कायद्यात तो गंभीर गुन्ह्यांच्या यादीत जातो आणि ग्रीनकार्डवाल्याचीही हद्दपारी जवळजवळ ठरते. शिक्षा प्रोबेशनची असली तरी. म्हणून कबुलीच्या करारात कोणतं कलम आहे आणि नुकसानीचा आकडा काय लिहिलाय यावर सगळं अवलंबून असतं. २०१० च्या पॅडिला निकालाने हे परिणाम आरोपीला समजावून सांगणं वकिलाचं कर्तव्यच ठरवलंय.

तर्कटी
मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण मीराताई, लढून हरला तरी हद्दपारी आहेच. आधी काही वर्षं तुरुंग आणि मग विमान. त्यापेक्षा नुसतं विमान बरं नाही का?

मीरा_शिकागो
ली नावाच्या कोरियन माणसाच्या केसमध्ये सरकारचा युक्तिवाद नेमका हाच होता. लहानपणी अमेरिकेत आलेला, मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवायचा. हद्दपारी होणार नाही असं वकिलाने सांगितलं म्हणून त्याने ड्रग्जच्या आरोपात कबुली दिली, आणि सल्ला साफ चुकीचा निघाला. पुरावा भक्कम होता, लढला असता तरी हरलाच असता, असं सरकार म्हणत होतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ज्याचं अख्खं आयुष्य या देशात आहे, त्याने सुटकेच्या अगदी बारीक शक्यतेसाठीही खटल्याचा धोका पत्करणं अविचाराचं नाही, असा त्याचा आशय. तुम्हाला विमान बरं वाटेल. ज्याची मुलं इथल्या शाळेत आहेत त्याला वाटेलच असं नाही.

कोथरूडकर_२
एवढी चर्चा कशाला? न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतल्या अधिकारी, आपल्या देवयानी खोब्रागडेंचं काय झालं? भारत सरकारने दम दिला आणि केस उडाली. आधी दूतावासाला फोन करायचा.

निनाद_सिएटल
कोथरूडकर, ती केस दमाने उडाली नाही. घरकामाच्या बाईच्या व्हिसात खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली, जानेवारीत त्यांची संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय मिशनवर नेमणूक होऊन पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं, आणि आरोपपत्र आलं ते नेमकं त्या काळात. वकिलांनी तोच धागा पकडला आणि १२ मार्च २०१४ ला न्यायाधीशांनी आरोपपत्र रद्द केलं. दोनच दिवसांत सरकारने नवं दाखल केलं, हे मात्र कोणी सांगत नाही. दूतावासाला कळवायचा हक्क परदेशी आरोपीला असतो, तो जरूर वापरावा, पण जावा शिकून आलेल्या इंजिनिअरला राजनैतिक संरक्षण कुठून आणणार?

माझा खरा मुद्दा वकिलाचा आहे. आपल्या लोकांना कोर्टाने नेमलेला वकील म्हणजे रेशनचा तांदूळ वाटतो. फेडरल डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू लढवणारे वकील, दिवसभर हेच काम करतात, त्याच न्यायाधीशांपुढे, त्याच सरकारी वकिलांशी. घर गहाण टाकून घटस्फोटाच्या केसेस लढवणारा ओळखीचा देशी वकील गाठण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं.

सदाशिव_ऑस्टिन
निनाद, चांगलं आहे पण मिळायला हवं ना. ऐपत नसलेल्यालाच तो वकील मिळतो आणि ऐपत कोर्ट तपासतं. दोन पगारांच्या घराला सहसा नाहीच. खाजगी फेडरल वकिलाला विचारा, खटला शेवटपर्यंत चालवायचे किती आणि कबुलीपर्यंतचे किती. फरक ऐकून घाम फुटतो. निम्मे लोक कबुली देतात ते पुरावा बघून की बँकेतली शिल्लक बघून, याचा विचार करा.

मीरा_शिकागो
पैसे जातात हे खरंच. तरी वकिलाने 'सही कर' म्हटलं म्हणून सही करायची नाही. कबुली द्यायची का आणि साक्षीला उभं राहायचं का, हे आरोपीच ठरवतो. २०१८ च्या मकॉय केसमध्ये आरोपी नको म्हणत असताना वकिलाने ज्यूरीपुढे गुन्हा मान्य केला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने नव्याने खटला द्यायला लावला.

आणि मंडळींना विनंती, त्या गृहस्थांशी केसबद्दल बोलू नका. गुप्ततेचं संरक्षण वकिलाशी झालेल्या बोलण्याला असतं, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅपला नाही. ग्रँड ज्यूरी (आरोपपत्र ठेवायचं का ते ठरवणारी ज्यूरी) तुम्हालाही साक्षीला बोलावू शकते. तर्कटी, मूळ पोस्टमधलं व्हिसाचं वाक्य काढलंत तर बरं.

तर्कटी
संपादकांना ते वाक्य काढायला कळवतो. केसबद्दल त्याच्याशी बोलणार नाही; इमिग्रेशनच्या वेगळ्या वकिलाला कराराचा मसुदा दाखव, एवढं फक्त सांगेन. बाकी मत तेच. नुकसानीच्या त्या आकड्यात सुधारणा होऊन ऑफर आली तर सही करावी.

सदाशिव_ऑस्टिन
आणि नाही झाली तर?